'ग्राम्य' म्हणजे नक्की कुठलं?

गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमासाठी आलेली स्क्रिप्ट्स वाचायचं काम माझ्याकडे आलं. मंडळात हे काम कुणी आनंदानं घेत नाही. ज्याचं नाटुकलं नाकारावं तो पुढच्या दिवाळीपर्यंत एच.ई.बी.मध्ये समोर दिसला तरी भाज्यांच्या रांगेत वळतो. माझ्या वाट्याला ते आलं, कारण एकेकाळी मी मुंबईत संस्कृत घेऊन एम.ए. केलं होतं आणि त्या पदवीचा शुगर लँडमध्ये दुसरा काही उपयोग नाही.

आलेल्या गठ्ठ्यात एक वीस मिनिटांचं प्रहसन होतं. लिहिणारे आमचे एक स्नेही, मूळचे साताऱ्याकडच्या माण तालुक्यातले, इथे पासाडीनाच्या बाजूला एका रिफायनरीत इंजिनिअर. प्रहसनात काय, तर अमेरिकेतला नातू सुट्टीला गावी जातो आणि आजी त्याला पहाटे पाचला उठवते. आजी त्याला 'मुडद्या' म्हणते. वीस मिनिटांत निदान बारा वेळा. "मुडद्या, ऊठ की आता", "मुडदा बशिवला तुझा, दूध कोण पिणार?" अशी. मी वाचलं, दोन ठिकाणी हसलेसुद्धा, आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं: "विनोद ग्राम्य. भाषा बदलावी."

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, उत्सुकता होती, आणि तेच जास्त त्रासदायक होतं. म्हणाले, "वहिनी, भाषा बदलतो. फक्त एक सांगा, ग्राम्य म्हणजे नक्की काय हो? गोष्ट गावातली आहे, म्हणजे ग्राम्यच होणार ना?"

मी म्हटलं, "अहो, तसं नाही. ग्रामीण वेगळं आणि ग्राम्य वेगळं."

"बरं. मग फरक काय?"

मी काहीतरी सांगितलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपण जे सांगितलं ते आपल्यालाच पटलेलं नाही. त्यानंतरचे दोन शनिवार-रविवार मी कोश आणि जुन्या वह्या घेऊन बसले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते. त्या स्नेह्यांना उत्तर देणं राहिलंच आहे, ते या निमित्तानं.

कोशात 'ग्राम्य' काढलंत तर 'खेड्यासंबंधीचा' आणि 'असभ्य, हलका' हे दोन्ही अर्थ एकाच ओळीत, एकाच पंगतीत बसलेले दिसतात. मराठीनं पुढे सोयीसाठी वाटणी केली. चांगल्या अर्थाला 'ग्रामीण' दिलं (ग्रामीण साहित्य, ग्रामीण विकास, ग्रामीण बँक) आणि वाईट अर्थ 'ग्राम्य'कडे ठेवला. पण दोघांचं मूळ एकच, ग्राम. त्याचंच प्राकृतातून आलेलं रूप आपलं गाव. आणि त्या गावाच्या पोटी पुन्हा तीच भावंडं: गावठी, गावंढळ, गावरान. खेड्यापासून खेडवळ. रानापासून रानटी. हिंदीत गँवार. म्हणजे माणूस वाईट वागला की आपण त्यानं काय केलं ते सांगत नाही, तो कुठे राहतो ते सांगतो. शिवी कसली, पोस्टाचा पत्ता आहे हा!

गंमत अशी की आरंभी हा पत्ता चांगल्या वस्तीचा होता. वेदकाळच्या भाषेत 'ग्राम' म्हणजे मुळात माणसांचा जथा, टोळी. असे दोन जथे समोरासमोर आले की होई तो संग्राम. पुढे जथा एका जागी वसला आणि ग्राम म्हणजे वस्ती झाली. त्या काळी 'ग्राम्य'च्या विरुद्ध शब्द होता 'आरण्य'. गाय, घोडा, शेळी, मेंढी हे ग्राम्य पशू, रानातले ते आरण्य पशू. ग्राम्य म्हणजे माणसाळलेलं, घरचं, भरवशाचं. आजच्या भाषेत सांगायचं तर तेव्हा 'ग्राम्य' हाच शब्द 'सुसंस्कृत'च्या जागी होता.

मग नगरं वाढली. नगरात राहणारा तो नागर किंवा नागरक. वात्स्यायनानं कामसूत्रात या नागरकाच्या दिनचर्येवर एक आख्खा अध्याय खर्च केला आहे. त्यानं कधी उठावं, अंगाला काय लावावं, खोलीत वीणा कुठे टांगावी, संध्याकाळी कुणाकडे जावं, सगळं. (वाचताना मला सारखे आपल्याकडचे मास्टर प्लॅन्ड कम्युनिटीचे नियम आठवत होते. गवत किती इंच असावं, कचऱ्याचा डबा किती वाजता आत घ्यावा.) नागरकाचं कौतुक सुरू झालं आणि ग्राम्याची गाडी उताराला लागली. शब्द जागचा हलला नव्हता. त्याच्या शेजारी उंच इमारत उभी राहिली, आणि तो बुटका दिसायला लागला.

हे फक्त आपल्याकडे झालं असं नाही. इंग्रजीतला 'व्हिलन' हा मुळात जमीनदाराच्या वाडीवर, म्हणजे 'व्हिला'वर राबणारा कूळ होता. 'बूअर' म्हणजे शेतकरी. 'पेगन' म्हणजे खेड्याच्या मुलखातला. 'व्हल्गर' शब्द 'व्हल्गस'पासून आला, म्हणजे साधी जनता, चारचौघं. उलट 'अर्बेन' म्हणजे शहरातला, आणि म्हणून सभ्य. इथे टेक्सासमध्ये 'रेडनेक' म्हणतात तेव्हा काय सांगत असतात? या माणसाची मान शेतात उन्हानं भाजली आहे, एवढंच. 'क्रूड' तेवढा वेगळा निघाला. तो लॅटिनमधल्या 'कच्चा' या अर्थाच्या शब्दावरून आलेला, पण ह्यूस्टनकरांपुढे तो उच्चारून कुणाचा अपमान करणं अवघड आहे. पहिला प्रश्न येतो, "आज बॅरलला किती?"

पण माझा खरा विषय शब्दाची व्युत्पत्ती नव्हे. समासातला तो शेरा मी कोशातून उचलला नव्हता. तो मला ज्यांनी शिकवला ते आपले साहित्यशास्त्रकार होते, आणि भांडण त्यांच्याशी आहे.

काव्यात दोष कोणते यांच्या याद्या आपल्याकडे फार जुन्या आहेत आणि त्यांत ग्राम्यता ठरलेली असते. काश्मीरच्या वामनानं आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास व्याख्या केली ती अगदी सरळ आहे. जे पद केवळ लोकांत वापरलं जातं ते ग्राम्य. नीट पाहा, पद घाणेरडं आहे म्हणून नव्हे, त्याचा अर्थ वाईट आहे म्हणूनही नव्हे. ते लोकांच्या तोंडी आहे आणि काव्यात नाही, हाच त्याचा गुन्हा. घाण आणि लज्जास्पद अर्थासाठी तर वेगळा दोष आहेच, 'अश्लील'. (तोही शब्द मोठा देखणा. मूळ 'श्री' नसलेलं ते अश्रील, र चा ल होऊन अश्लील. आपण ज्याला उघडंवाघडं म्हणतो त्याला ते बिनशोभेचं म्हणत.) म्हणजे अश्लील आणि ग्राम्य हे दोन निरनिराळे दोष आहेत हे शास्त्रकारांना पक्कं ठाऊक होतं. मी मात्र शेरा मारताना दोन्ही एकाच पेन्सिलीनं रंगवले.

अकराव्या शतकातल्या मम्मटाच्या काव्यप्रकाशात ग्राम्य पदाचं उदाहरण दिलंय ते वाचून मी खुर्चीत सरळ बसले. कॉलेजात हे वाचलं असणार, पण तेव्हा परीक्षेपुरतं. सुंदरीच्या वर्णनाच्या एका श्लोकात एक पद ग्राम्य आहे म्हणून त्यानं दाखवलंय. ते पद कोणतं? 'कटी'. कंबर!

आता मला सांगा, आपल्यापैकी कुणाला कटी शब्द गावठी वाटतो? विठोबाचं वर्णन 'कटी'वाचून होत नाही. आपण हा शब्द ऐकतो तो हात जोडून, डोळे मिटून. रोजच्या बोलण्यात आपण 'कंबर' म्हणतो आणि ती तर फारसीतून आलेली. म्हणजे एका काळच्या रसिकाला जो शब्द गावातला वाटला तो आज देवाच्या अंगावर आहे, आणि परदेशातून आलेला शब्द पाठदुखीच्या डॉक्टरकडे चाललाय. ग्राम्यता शब्दात असती तर हे झालंच नसतं. ती ऐकणाऱ्याच्या कानात आणि त्याच्या काळात आहे.

मम्मट प्रामाणिक होता. तो पुढे सांगतो की अधम पात्रांच्या तोंडी ग्राम्य भाषा आली तर तो दोष नसून गुणच आहे. हे वाचून क्षणभर वाटलं, सापडलं उत्तर! आजी गावातली आहे, तेव्हा तिच्या तोंडी मुडद्या शोभतो. मग 'अधम' या शब्दाशी अडखळले. म्हणजे आजीला बोलू द्यायचं, पण आधी ती हलकी आहे असं नोंदवून. ही परवानगी त्या स्नेह्यांना फोनवर वाचून दाखवायचं धाडस मला झालं नाही.

आणि मग दंडी. सातव्या शतकाच्या शेवटाकडचा दाक्षिणात्य आचार्य. काव्यादर्शात माधुर्य गुणाची चर्चा करताना तो ग्राम्य आणि अग्राम्य असे दोन नमुने शेजारी शेजारी ठेवतो. पहिल्यात एक तरुण मुलीला सरळ विचारतो की मला तू हवीस, तर तुला मी का नको? दंडी म्हणतो, हे ग्राम्य, यानं रसभंग होतो. दुसऱ्यात तोच तरुण तीच गोष्ट वळसा घालून सांगतो. तिच्या सुंदर डोळ्यांची स्तुती करून म्हणतो, मदन माझ्याशी निर्दयपणे वागतो आहे, नशीब की तुझ्याशी त्याचं वैर नाही. हे अग्राम्य, रसपूर्ण.

वर्गात शिकताना हा फरक मला फार आवडला होता. नजाकत म्हणजे काय ते दोन ओळींत कळतं. पण या वेळी मूळ पाहिलं तर त्या दुसऱ्या, नाजूक नमुन्यात मदनाला एक विशेषण लावलेलं आहे, जे मी वर मुद्दाम गाळलं. मदन निर्दय आहे हे सांगायला कवीनं त्याला 'चांडाल' म्हटलं आहे.

मुलीला सरळ विचारणं हे असभ्य, आणि माणसांच्या एका आख्ख्या जातीचं नाव शिवी म्हणून वापरणं हे सभ्य! दंडीच्या ध्यानातही आलं नसेल. त्याचा दोष काढायला मी बसलेली नाही, हजार-तेराशे वर्षांनी शहाणपण सोपं असतं. मला दचकायला झालं ते वेगळ्या कारणानं. त्याच गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात एक हिंदी आयटम साँग होतं, त्यावर नऊ-दहा वर्षांच्या मुलींचा नाच. गाण्याचे शब्द मी कधी नीट ऐकले नव्हते. नंतर ऐकले. ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. त्या यादीवर मी शेरा मारला होता: "छान! एनर्जी आहे."

माझंही दंडीसारखंच झालं होतं.

आता पुन्हा आजीकडे. मी गिरगावात वाढले. आमच्या चाळीत एक काकू होत्या, तळमजल्यावर, मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांचं प्रत्येक वाक्य 'मेल्या'नं सुरू व्हायचं. "मेल्या, चप्पल काढून ये", "मेल्या, लाडू घे की अजून एक." कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट कोकणी प्रेमाचा तो नमुना म्हणून आपण कौतुकानं नक्कल करतो, इथल्या मंडळाच्या कितीतरी नाटकांत केली आहे, आणि मी ती वीसदा पास केली आहे. आता 'मेल्या'चा अर्थ काय? मेलेला. आणि 'मुडद्या'चा? मेलेला. एक शब्द मृतावरून आला, दुसरा फारसी 'मुर्दा'वरून. अर्थात तिळाचा फरक नाही, मायेतही नाही. दोन्हींत मूल दीर्घायुषी व्हावं म्हणून त्याला आधीच मेलेलं म्हणून टाकायची जुनी चलाखी असावी असं मला वाटतं, नजर लागू नये म्हणून तीट लावतात तशी. फरक एवढाच की एक शब्द गिरगावच्या स्वयंपाकघरातून आला आणि दुसरा माणदेशातल्या. गिरगावचा तो खुमासदार, माणचा तो ग्राम्य.

हे मी त्या स्नेह्यांना सांगितलं तेव्हा ते फोनवर बराच वेळ हसले. म्हणाले, "वहिनी, गिरगाव म्हणजे काय?" मी म्हटलं, "गिरिग्राम, डोंगराजवळचं..." आणि थांबले. "बघा," ते म्हणाले, "तुम्ही पण गावच्याच की!"

मग त्यांनी त्यांचं सांगितलं. बारावीनंतर ते मुंबईला इंजिनिअरिंगला आले तेव्हा वर्गात त्यांना नाव पडलं, 'घाटी'. मुंबईत वाढलेल्या कुणालाही हा शब्द ठाऊक असतो. घाट चढून गेलं की लागतो तो देश, आणि घाट उतरून जो येतो तो घाटी. गोदीत हमाली करायला, गिरणीत साचे चालवायला, लोकांच्या घरी भांडी घासायला सातारा-सांगली-पुण्याकडून माणसं भोरघाट उतरून आली आणि त्यांच्या वाटेचंच नाव त्यांना मिळालं. 1863 साली भोरघाटातून रेल्वे सुरू झाली, मग तर लोंढाच आला. त्यांनी मुंबई उभी केली, आणि मुंबईनं बेंगरूळ कपड्यांना, मोठ्यानं बोलण्याला, भडक रंगाला, कशालाही 'घाटी' म्हणायला सुरुवात केली. आम्ही घरात हा शब्द सर्रास वापरायचो. परकर आणि स्वेटरचा रंग जुळला नाही की आई म्हणायची, "काय घाट्यासारखं ध्यान केलंयस!" पण मुंबईतल्या अमराठी लोकांसाठी आम्हीसुद्धा सगळे घाटीच होतो, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. शिवीचं हे एक बरं असतं, ती खालच्या मजल्यावर थांबत नाही, लिफ्टनं वर येते.

इथपर्यंत, म्हणजे थेट टेक्सासपर्यंत. माझी लेक इथेच जन्मली, क्लेमंट्स हायस्कूलला होती. शाळेच्या कार्यक्रमाला मी डब्यातून बटाटेवडे नेले आणि सगळ्यांना आग्रह केला तर घरी आल्यावर म्हणाली, "आई, डोन्ट बी सो फॉबी." फॉब म्हणजे फ्रेश ऑफ द बोट, नुकताच बोटीतून उतरलेला. घाट उतरला तो घाटी, बोट उतरली ती फॉबी. पंचवीस वर्षं झाली होती मला इथे येऊन, आणि आले होते विमानानं! पण मला लागलं ते लागलंच. पेन्सिलीनं समासात लिहिलेले चार शब्द माण तालुक्यातल्या माणसाला कसे लागले असतील याचा अंदाज मला त्या आठवणीवरून आला, कोशावरून नाही.

कुणी म्हणेल, मग असभ्य असं काही नसतंच का? नसतं असं माझं म्हणणं नाही. टीका करायची तर नावं ठेवावीच लागतात, पण ती कृतीला ठेवावीत. दादा कोंडक्यांचं उदाहरण घ्या. 1971चा 'सोंगाड्या' मला आजही आवडतो. नंतरच्या चित्रपटांतली द्वयर्थी वाक्यं मात्र मला कंटाळवाणी वाटतात, कारण त्यांत दुसरा अर्थ पहिल्याच्या आधी येऊन उभा राहतो. यावर सगळ्यांनी एकच शेरा मारला, ग्राम्य विनोद. पण दादांचा जन्म मुंबईच्या गिरणगावातला. आणि द्वयर्थी वाक्यात एकही शब्द ग्राम्य नसतो! सगळे शब्द सोवळे, फक्त रोख वाकडा. दंडीनं शिकवलेली वळसा घालण्याचीच ती कला, वेगळ्या धंद्याला लावलेली. तिला नागर विनोद म्हणायला हवं. मला ती आवडत नाही, हे मी दहा कारणं देऊन सांगू शकेन. त्यात गावाचा संबंध कुठेही येणार नाही.

उलट, गावच्या बोलीनं मराठीला जे दिलं ते पाहिलं तर शेरा मारणाऱ्याची पेन्सिल खाली पडावी. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर 1952 साली पुस्तकरूपानं आली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. आज त्या बोलीला कुणी गावंढळ म्हणून पाहावं! व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' 1949ची. आमच्या स्नेह्यांचाच मुलूख, आणि मी ती शाळेत असताना डोळे पुसत वाचली होती. आनंद यादवांनी 1971 साली 'गोतावळा' लिहिली ती सबंध बोलीत, निवेदनासकट. हे महत्त्वाचं आहे. तोवर बोली पात्रांच्या तोंडी असायची आणि लेखक स्वतः प्रमाण भाषेत, म्हणजे मम्मटाच्या परवानगीतच. यादवांनी ती परवानगी मागितली नाही.

आणि 1972 साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा तर 'ग्राम्य' या शब्दाची पंचाईतच झाली. त्या कवितेतली भाषा पांढरपेशा वाचकांना पचली नाही. पण तिला ग्राम्य म्हणणार कसं? गोलपिठा कुठल्या गावात नाही, मुंबईच्या मध्यात आहे. ती नगराचीच भाषा होती, नगरानं दाराबाहेर ठेवलेली. विजय तेंडुलकरांनी त्या संग्रहाला प्रस्तावना लिहिली. ज्यांनी नाकं मुरडली ते विसरले गेले, पुस्तक राहिलं.

सगळ्यात जुना दाखला तर आपल्या देव्हाऱ्यातला आहे आणि तो मला सगळ्यात उशिरा आठवला. 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा वामनाच्या मोजपट्टीनं सबंध मराठी भाषाच ग्राम्य होती, कारण ती केवळ लोकांत होती. ज्ञानेश्वर दहाव्या अध्यायात याच देशी भाषेच्या 'नागरपणा'बद्दल बोलतात. देशी आणि नागर हे दोन शब्द त्यांनी शेजारी बसवले. आपण त्यावर प्रवचनं ऐकतो, आणि सोमवारी आजीची भाषा बदलायला सांगतो.

आपल्या गावाबद्दल, म्हणजे या गावाबद्दल, एक सांगायचं राहिलं. 'क्रूड'च्या उलट 'रिफाइंड', सुधारलेलं, संस्कारलेलं. शुगर लँडचं नावच साखरेवरून पडलं. इम्पिरियल शुगरची रिफायनरी 2003 साली बंद झाली, पण हायवे 90ए वरून जाताना तिचं 1925चं चार हाऊस अजून दिसतं. नव्यानं आलेल्यांना त्याचं काम ठाऊक नसतं. तिथे साखर पांढरी करत, जनावरांच्या जाळलेल्या हाडांच्या कोळशातून गाळून. आणि 2018 साली इथेच शाळेच्या बांधकामाच्या जागी 95 माणसांचे सांगाडे मिळाले. उसाच्या मळ्यांवर भाड्यानं दिलेले कृष्णवर्णी कैदी होते ते. ऊस तोडणाऱ्यांच्या नावानं इथे एकही गोड शब्द तयार झाला नाही. माझं माहेरचं आजोळ सांगलीकडचं, ऊसतोडीच्या फडावरचं बोलणं मी लहानपणी ऐकलं आहे. तिथे पाहुण्याला गूळ देत, साखर नव्हे. तो काळपट गूळ आता इथल्या दुकानांत साखरेच्या कितीतरी पट भावानं मिळतो आणि पाकिटावर कौतुकानं लिहिलेलं असतं, 'अनरिफाइंड'. तसंच पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत गावरान कोंबडी, गावठी अंडी, गावठी तूप. माणसाला लावलं की शिवी आणि तुपाला लावलं की दुप्पट भाव. असो.

तर मी समासातला शेरा खोडला. पेन्सिलीचा होता, पण खोडरबरानं पूर्ण गेला नाही, तसाच फिकट दिसतो. त्याऐवजी दोन नवीन लिहिले. एक, की मुडद्या बारा वेळा आहे, सातव्यानंतर हशा येणार नाही, पाच ठेवावेत. दुसरा, की नातवाच्या मनात आजीबद्दल काय आहे ते शेवटच्या प्रवेशात कळत नाही. ते म्हणाले, "वहिनी, हे आधीच सांगितलं असतं तर?" बरोबर होतं त्यांचं. मला हे दोन दोष पहिल्या वाचनातच दिसले होते. पण नीट सांगायला वेळ लागतो, आणि 'ग्राम्य' लिहायला सेकंद पुरतो.

त्या गणपतीत ते झालं नाही, वेळ निघून गेली होती. यंदा बसवलं आहे. आजी करतेय इथेच वाढलेली सतरा वर्षांची एक मुलगी, नऊवारी तिला तिच्या आईनं यूट्यूबवर पाहून नेसवली. पहिल्या तालमीला ती म्हणाली, "मुर्द्या, ऊठ की आता." तिच्या जिभेला आपला ड जड जातो. मी खूश होऊन म्हटलं, "अगं, हे तर मूळ फारसी रूप! असंच राहू दे."

लेखक मागच्या खुर्चीवरून उठून आले. "नाही वहिनी," म्हणाले, "ड पाहिजे. माझ्या आजीला फारसी येत नव्हतं."

गेला महिनाभर आम्ही ड बसवतोय.